सातबारावर ‘अ.पा.क. आई’ लागेपर्यंत

सासरे २०१६ च्या उन्हाळ्यात गेले, पण शेत पुढची पाच वर्षं त्यांच्याच नावावर राहिलं. कुणालाच घाई नव्हती. दोघं भाऊ मिळून वाहत होते. कापूस, सोयाबीन, तूर जे काय होईल ते अर्धं-अर्धं. तलाठ्याचा विषय निघाला की भासरे, म्हणजे मिस्टरांचे थोरले भाऊ, म्हणायचे, “नावाचं काय, करू कधीबी.” नोव्हेंबर २०२१ मध्ये माझे मिस्टर हार्ट अटॅकनं गेले आणि त्या ‘कधीबी’चा हिशोब माझ्या वाट्याला आला. मुलगी चौदाची होती, मुलगा नऊचा. मी गावातल्याच अंगणवाडीत सेविका आहे.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. जमीन साडेसात एकर कोरडवाहू, सासऱ्यांनी १९८७ मध्ये खरेदीखतानं घेतलेली. म्हणजे वडिलोपार्जित नव्हे, स्वकष्टार्जित. हा फरक तेव्हा मला कळत नव्हता. पुढे सगळं त्याच्यावरच अडलं, म्हणून आधीच सांगते.

तेरवी झाल्यावर आठेक दिवसांत भासरे म्हणाले, “वहिनी, तुम्ही काही धावपळ करू नका. मी करतो सगळं.” मला बरंच वाटलं. जानेवारीत माझा भाऊ मोबाईलवर ‘आपली चावडी’ बघत होता. महाभूमीच्या संकेतस्थळावर गाव निवडलं की नोटिशीवर असलेले फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावांतल्या बदलाच्या नोंदी, तिथे दिसतात, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. ज्याच्या घरात वारस नोंद व्हायची आहे त्यानं आठवड्यातून एकदा ते उघडून बघावं. आमचा गट नंबर तिथे दिसला. वारस म्हणून सासूबाई, भासरे आणि माझी दोन मुलं. मुलांच्या पुढे ‘अ.पा.क. काका’. माझं नाव नाही, दोन्ही नणंदांचंही नाही.

अपाक म्हणजे अज्ञान पालक कर्ता. अठराच्या आतल्या मुलाचं नाव सातबारावर लागतं तेव्हा त्याच्या वतीनं कोण, ते तिथे लिहितात. गावात सगळ्यांना वाटतं की बाप गेला की काका पालक. कायद्यात तसं नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे, त्यात वडिलांनंतर नैसर्गिक पालक आईच. काकाला पालक व्हायचं असेल तर त्यानं १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा आणि मुलाचं हित त्यात कसं आहे ते पटवायचं. तलाठ्याच्या टेबलावर हे ठरत नाही.

मी भासऱ्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “पोरगा आमच्या घरचा वंश आहे. तुम्ही अजून लहान आहा, उद्या माहेरी गेल्या, दुसरं घर केलं, तं?” राग त्यांच्या बोलण्यात नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. दुसरं लग्न केलं तर नवऱ्याकडून आलेली जमीन जाते, हे मला त्या महिन्यात निदान चार बायांनी काळजीनं सांगितलं. ते खोटं आहे. नवरा मेला त्या दिवशी त्याच्या हिश्शातला तुमचा वाटा तुमच्या नावे झाला, पुढे तुम्ही काही करा.

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. आधी फोन करायचा असेल तर १५१०० वर करता येतो. मला मिळालेल्या वकीलबाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या, पण कागदाच्या पक्क्या. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडून काय काय आणवलं ते लिहिते, म्हणजे तुमची एक चक्कर वाचेल: सासरे आणि मिस्टर दोघांचेही मृत्यू दाखले, १९८७ च्या खरेदीखताची नक्कल, सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा), मुलांचे जन्मदाखले, माझ्या लग्नाचा पुरावा आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते. सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, डिजिटल सहीचा, सगळीकडे चालतो. शपथपत्र साध्या कागदावर चालतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक माफ आहे, तरी तहसीलबाहेरचे टंकलेखक आधी स्टॅम्प पेपरच पुढे करतात.

मग त्यांनी हिश्शांचा हिशोब मांडला. सासऱ्यांचे वारस पाच : सासूबाई, दोन मुलगे, दोन मुली. साडेसात एकर म्हणजे तीनशे गुंठे, प्रत्येकाला साठ. माझ्या मिस्टरांचे साठ गुंठे पुन्हा चौघांत : मी, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. हो, मेलेल्या मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. मला ते माहीत नव्हतं, सासूबाईंना तर मुळीच नाही. म्हणजे आम्हा तिघांना पंधरा-पंधरा गुंठे, सासूबाईंना पंचाहत्तर. डोळ्यासमोर निम्मं शेत असलेल्या माणसाला एकर-सव्वा एकर ऐकून कसं वाटतं ते सांगायला नको. वकीलबाई म्हणाल्या, “ताई, कमी आहे पण तुमचं आहे. आधी नाव लागू द्या.”

नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची असते. मुदत संपायच्या आत मी लेखी हरकत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. तोंडी हरकतीला काही अर्थ नाही, तलाठी कितीही ओळखीचा असो. हरकत आली की प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. सुनावणीची नोटीस यायलाच एप्रिल उजाडला. त्या तारखेला भासऱ्यांनी खिशातून मृत्युपत्र काढलं.

आम्ही कुणीच त्या कागदाबद्दल ऐकलं नव्हतं. शंभराच्या स्टॅम्पची झेरॉक्स होती. सगळी जमीन मोठ्या मुलाला, खाली अंगठा. झेरॉक्समध्ये अंगठ्याचा नुसता काळा डाग झालेला, रेषा एकही दिसत नव्हती. माझे सासरे सही करायचे. सोसायटीच्या वहीत, बाजार समितीच्या काटापट्टीवर त्यांची तिरपी सही असायची, शेवटच्या अक्षराची वेलांटी कागदाबाहेर गेलेली. पुढच्या तारखेला मी त्यातल्या काही पावत्या घेऊन गेले. वकीलबाई म्हणाल्या, हे दाखवा, पण यावर फार भिस्त ठेवू नका, आजारी माणूस अंगठा देऊ शकतो. त्यांनी दुसरंच बोट ठेवलं. साक्षीदाराच्या जागी एकाच माणसाची सही होती. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतातच. नोंदणी नसली तरी चालते, स्टॅम्प पेपर नसला तरी चालतो, साध्या कागदावरही होतं, पण दोन साक्षीदारांशिवाय नाही.

जमीन स्वकष्टार्जित असल्यानं आमची धाकधूक खरी होती. सासऱ्यांनी खरंच नीट मृत्युपत्र केलं असतं तर सगळी जमीन ते एकाला देऊ शकले असते, त्यात बेकायदा काही नाही. वडिलोपार्जित असती तर फक्त आपल्या हिश्शापुरतं लिहिता आलं असतं. म्हणून खरेदीखत आणि जुना रेकॉर्ड आधी शोधा. भावकीत ‘बापजाद्याची जमीन’ सगळेच म्हणतात, कागद काय म्हणतो ते वेगळं.

याच काळात कँटीनवर कुणीतरी सांगितलं की प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणल्याशिवाय मृत्युपत्र चालत नाही, आणि मी दोन दिवस निवांत झोपले. वकीलबाईंनी ती झोप मोडली. प्रोबेटची सक्ती तेव्हा मुंबईसारख्या शहरांसाठी होती, आपल्या यवतमाळकडे ती नव्हतीच. पण प्रोबेट लागत नाही याचा अर्थ सिद्ध करावं लागत नाही असा नाही. कुणी आव्हान दिलं तर साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की माझ्यासमोर सही झाली.

मंडळ अधिकाऱ्यांनी मूळ कागद मागितला. भासरे म्हणाले, वकिलाकडे आहे. पुढच्या तारखेलाही वकिलाकडेच होता. मग साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “मृत्युपत्र खरं की खोटं हे मी ठरवत नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. माझ्यासमोर मूळ कागद नाही आणि दुसरा साक्षीदार नाही. मी वारसांची नोंद घेतो.” आदेश ऑगस्ट २०२२ मध्ये हातात आला. आधीची नोंद रद्द, सगळ्या वारसांची नावं लावा, अज्ञान मुलांच्या पुढे आईचं नाव.

फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नाही, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. ती महसुलाची नोंद आहे. पण नाव नसेल तर काय होतं ते त्याच वर्षी भोगलं. जुलै २०२२ मध्ये जिल्ह्यात धो-धो पाऊस झाला, आमच्या शेतात दोन दिवस पाणी साचलं, सोयाबीन पिवळं पडून गेलं. नुकसानभरपाईच्या यादीत आमच्या गटापुढे सासऱ्यांचं नाव होतं. मेलेल्या माणसाच्या खात्यात मदत जमा होत नाही.

भासऱ्यांनी साठ दिवसांच्या मुदतीत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केलं. मार्च २०२३ मध्ये ते फेटाळलं गेलं. अपिलाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तारखेला हजर राहा आणि रोजनाम्यावर सही करा. बहुतेक तारखांना बसणं आणि परत येणं यापलीकडे काही घडत नाही. त्याच महिन्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. नेमक्या माझ्या तारखा संपत आल्या तेव्हा.

मधल्या काळात बँकेचं वेगळंच सुरू होतं. मिस्टरांच्या मुदत ठेवी ३ लाख २० हजारांच्या होत्या आणि नॉमिनी सासरे. नॉमिनी आधीच गेलेला. बँकेनं वारसाचं शपथपत्र नाकारलं आणि कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र आणायला सांगितलं. (सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नवे निर्देश काढले. वारसांत वाद नसेल तर ठरावीक रकमेपर्यंत आता हे प्रमाणपत्र लागायला नको. साध्या बँकेत ती मर्यादा १५ लाख, सहकारी बँकेत ५ लाख. बँकेत जाताना ते नक्की विचारा.) जून २०२२ मध्ये दिवाणी न्यायालय वरिष्ठ स्तर इथे अर्ज लागला. बँकेकडून शिलकीचं पत्र, मृत्यू दाखला, वारसांची यादी. सगळ्या वारसांना नोटीस, शिवाय वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. या जाहिरातीचे पंधराशे रुपये गेले, तो या प्रकरणातला माझ्या खिशातला सगळ्यात मोठा खर्च, कारण वकिलाची फी विधी सेवेनं दिली. हरकतीची मुदत संपल्यावर माझं शपथपत्रावर पुराव्याचं बयान झालं. कोर्टानं जामीनदार मागितला. माझा भाऊ स्वतःचा सातबारा घेऊन उभा राहिला.

तिथे भासऱ्यांनी आणखी एक विनंती केली : मुलाचा वाटा त्यांच्या आणि मुलाच्या जोड खात्यात ठेवावा. न्यायाधीशांनी मला दोनच प्रश्न विचारले. मुलं कुणाजवळ राहतात? शाळेचा खर्च कोण करतं? शाळेच्या पावत्या माझ्या पिशवीत होत्या. फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात मुलांचे ८०-८० हजार अठरा वर्षं होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, पालक आई, आणि मधे काढायचे असतील तर कोर्टाची परवानगी. काही बायांना ही अट जाच वाटते. मला ती फार उपयोगी पडली. उसने मागायला येणाऱ्यांना सांगता यायचं, पैसे कोर्टात आहेत.

सासूबाईंनी आपले ८० हजार घेतले. माझ्या माहेरचे लोक चिडले, “नातवाचे पैसे घेतले म्हातारीनं.” मला त्यात चूक दिसली नाही. पोरगा त्यांचाही गेला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावानं बँकेत पैसे पडले होते. पासबुकावर आपलं नाव कुठे आहे ते त्यांनी माझ्याचकडून बोट ठेवून बघून घेतलं.

आता हक्कसोड. अपील फेटाळल्यावर भासरे नरमले आणि अक्षय तृतीयेला नणंदा आल्या तेव्हा तयार कागद घेऊन आले. दोघींचं हक्कसोड त्यांच्या नावे आणि सोबत माझं व मुलांचंही, बदल्यात ‘लेकरांचं शिक्षण आम्ही पाहू’. वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं : मुलांच्या हिश्शावर सही करायची नाही. आई पालक असली तरी अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता, गहाण टाकता, सोडता येत नाही. केली तर मुलगा मोठा झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. मी हे जसंच्या तसं सांगितलं. भासरे म्हणाले, “घरात कायदा सांगता का आता?”

धाकटी नणंद तोवर पुरण वाटत बसली होती. हात न धुताच बाहेर आली. “दादा, ताईचं तुले, माहं वहिनीले. नाही तं दोघीचंबी कोणालेच नाही. आमचं नाव लागलंच आहे सातबारावर, राहू दे.” मोठी काही बोलली नाही, तिनं फक्त मान हलवली. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, “असंच करा. मी मरेपर्यंत माहं मले राहू द्या.” बहिणींनी हक्क सोडला की माहेर टिकतं असं आमच्याकडे म्हणतात. आमच्या घरात मात्र त्यांचं नाव सातबारावर होतं म्हणून त्यांचा शब्द चालला.

हक्कसोडपत्र नोटरी करून चालत नाही. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं. तेव्हा भाऊ-बहिणीतल्या अशा कागदाला दोनशेचा मुद्रांक लागला, वर नोंदणी आणि पानांमागचं शुल्क. आताचा दर आधी विचारून घ्या. कुणाच्या नावे हक्क सोडला ते स्पष्ट लिहिलं आहे का, ते स्वतः वाचा. ‘इतर सहहिस्सेदारांच्या लाभात’ असं मोघम लिहिलं तर तो हिस्सा सगळ्यांत विभागला जातो. आमच्या टंकलेखकानं पहिल्यांदा तेच टाइप केलं होतं.

मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीनं वाटणीचा अर्ज तहसीलदारांकडे. भासऱ्यांना १२० गुंठे, सासूबाईंना ७५, आम्हा तिघांना १०५, म्हणजे दोन एकर पंचवीस गुंठे. तिघांचं सामायिकच ठेवलं. जिरायतीत वीस गुंठ्यांच्या आत तुकडा पडत नाही आणि मुलांचे पंधरा-पंधरा वेगळे निघालेच नसते. साधी मोजणी लावली, कारण स्वस्त, म्हणून ती २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत लांबली. मोजणीवाल्यांनी खुणा केल्या त्या दिवशी भासऱ्यांनीच दगड रोवले. विहीर त्यांच्या हिश्शात गेली. पाणी घेण्याचा माझा हक्क वाटणीच्या कागदात लिहून घेतला, आणि हे तुम्हीही विसरू नका : विहीर, पांदण, बांधावरची झाडं.

२०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. आधी बुलढाण्यात, मग १ एप्रिलपासून राज्यभर. आमच्या शेजारच्या घरची वारस नोंद त्यात महिन्याभरात झाली, तलाठी घरी येऊन कागद घेऊन गेला. जिथे वाद नाही तिथे ही उत्तम सोय. जिथे मृत्युपत्राची झेरॉक्स निघते तिथे मंडळ अधिकारी, तारखा आणि पोच चुकत नाही.

जून २०२५ मध्ये मुलगी अठराची झाली. सातबारावरचा अपाक शेरा आपोआप निघत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो : जन्मदाखला, आधार आणि सातबाराची प्रत. तिनं अर्जावर स्वतः सही केली, पंधरा दिवसांची नोटीस झाली आणि फेरफार मंजूर झाला. बँकेतली तिची ठेव मात्र मॅनेजरनं लगेच दिली नाही. कोर्टाचा आदेश मूळ मागितला, तो दाखवून आणल्यावर पैसे खात्यात आले आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली. मुलाच्या नावापुढे अजून ‘अ.पा.क. आई’ आहे, २०३० पर्यंत राहील.